खिशातल्या गोळ्या

लावणी तोंडावर आली की आमच्या कुडाळकडच्या भावकीच्या ग्रुपवर तोच वाद. आशाताई लेप्टोच्या, म्हणजे चिखला-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, गोळ्या देऊन गेल्या, खायच्या की नाही? यंदा थोरल्या चुलतभावाने लिहिलं, "आमच्या आज्याचो जल्म चिखलात गेलो, तेका खंय गोळये लागले?" खाली अंगठ्यांची रांग. इथे मँचेस्टरात कचऱ्याचा डबा बाहेर काढता काढता मी ते वाचलं आणि डोकंच फिरलं. आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन, १०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. एवढ्यावर पानभर चर्चा!

माझा मुलगा इथल्या कॅनॉलमध्ये कयाक चालवतो. पहिल्याच दिवशी क्लबने कागद दिला: उंदरांच्या मुताने वाइल्स डिसीज होतो, जखमेवर वॉटरप्रूफ प्लास्टर लावा, खाण्याआधी हात धुवा, ताप आला तर जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, कॅनॉलचं सांगा. तोच हा लेप्टो. सही केली, विषय संपला. कोणी आज्याला मध्ये आणलं नाही.

हे मी ऐटीत ग्रुपवर टाकलं, वर गमबुटांचा सल्लाही दिला. दादाचं उत्तर आलं, "गमबूट घालून तरवो लावन दाखय." आता यावर काय बोलणार? चिखलणी केलेल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, पाय वर येतो, बूट खालीच राहतो.

आणि इथले लोक तरी कुठले एवढे शहाणे! लस फुकट मिळत असूनही गोवर हद्दपार केल्याचा दर्जा ब्रिटनने २०१९ साली गमावला. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, अर्थात.

गोवराचा हिशेबही निराळा. १०० पैकी ९५ जणांनी लस घेतली की उरलेल्या तान्ह्यांभोवती कुंपण उभं राहतं. लेप्टोत तसलं कुंपण नाही, कारण तो सहसा माणसाकडून माणसाला जातच नाही. उंदराच्या, गुरांच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून बोटांमधल्या चिखल्यांत. दादाने गोळ्या खाल्ल्या म्हणून शेजारच्या कुणग्यातली वयनी वाचत नाही. ज्याने त्याने आपापल्या खायच्या.

आज्याचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाही. आजा जगला, म्हणून त्याचे दाखले देतात. त्याचा धाकटा भाऊ ऐन श्रावणात तापाने फणफणला, डोळे पिवळे झाले, कावीळ उतरवणाऱ्याकडे नेला, सहाव्या दिवशी गेला. घरात अजून "काविळीन गेलो" म्हणतात. लेप्टो बळावला की यकृत आणि मूत्रपिंडं धरतो, डोळे असेच पिवळे होतात. तो लेप्टोच होता असं मी म्हणत नाही. पण चिखलात उतरल्यापासून दोन ते तीस दिवसांत ताप येतो, आणि आमच्या वाडीत काविळीच्या तारखा लावणीशी कोणी ताडून पाहिल्या?

गेल्या जुलैत मी घरी होतो. आशाताई अंगणात आल्या, तेव्हा वयनी म्हणाली, "भावजींका पयली देवा, ते पावणे." सगळे हसले. मी गोळ्या खिशात टाकल्या, पँट दुमडली आणि टाचेच्या भेगेसकट कुणग्यात उतरलो. फोटो झकास आला. दादाने तो ग्रुपवर टाकला, "आमचो माणूस" लिहून.

त्या गोळ्या मँचेस्टरात पँट धुवायला टाकताना सापडल्या. पुढचे तीन आठवडे जरा डोकं दुखलं की मी बोटांवर दिवस मोजायचो. जीपीला फोन केला नाही. दादाला हे अजून माहीत नाही.