मुरूम, माती आणि मावशी

पुढच्या महिन्यात लग्न आहे. तुमचं नसेल तर मावसभावाचं असेल, पण आहे. आणि आज सकाळी आरशात पाहिलंत तर हनुवटीच्या अगदी मधोमध लालबुंद फोड, वर पिवळसर टोक. अजिबात घाबरू नका. मुख्य म्हणजे त्वचेच्या डॉक्टरकडे पळू नका. डॉक्टर काय करणार, फार तर बरं करतील. तुमच्याकडे स्वयंपाकघर आहे, गॅलरीत कोरफडीची कुंडी आहे आणि घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

आधी फोडाचा फोटो ग्रुपवर टाका. लाज वाटत असेल तर राहू द्या, आई टाकेल. दहा मिनिटांत अकरा उपाय येतील, आणि बारावा मेसेज काकांचा असेल, ‘सुप्रभात’.

आपल्या भाषेने चेहऱ्यावरच्या या प्रकाराला आणि कच्च्या रस्त्यावर पसरतात त्या तांबड्या खडीमातीला एकच शब्द ठेवला, मुरूम, यात काहीतरी दूरदृष्टी असली पाहिजे. दोन्हीकडे कामाची पद्धत तीच. हाताला लागेल ते पसरायचं, वर पाणी मारायचं, दाबून घ्यायचं आणि काम झालं म्हणून सांगायचं. पुढच्या पावसात खड्डा परत आला तर दोष पावसाचा.

कारण शोधत बसू नका, ते घरात तयार असतं. त्वचेखालच्या तैलग्रंथी, वयात येताना वाढलेली संप्रेरकं, तोंड बुजलेलं छिद्र, आणि तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावर वस्तीला असणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू, ही सगळी भानगड लक्षात ठेवायला डोकं लागतं. ‘उष्णता’ लक्षात ठेवायला काही लागत नाही. शिवाय उष्णतेत प्रत्येकाची सोय आहे. आजीच्या मते ती पोट साफ नसल्याची, बाबांच्या मते मोबाइलची, आईच्या मते बाहेरच्या खाण्याची. आत्या मात्र या वादात पडत नाही. ती हसून म्हणते, ‘वयच आहे. लग्न झालं की जातात.’ पस्तिशीतल्या, दोन मुलांच्या आईला अजून कसे येतात, हे तिला विचारू नका. ती सुनेकडे बघेल आणि सून तुमच्याकडे.

आता प्रत्यक्ष उपचार. श्रीगणेशा लिंबाने करा, ते घरात असतंच. लिंबाची फोड घ्यायची आणि फोडावर घासायची, इतकं सोपं आहे. त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, ५च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. आकडे शेजारशेजारचे वाटतात, पण या मोजपट्टीवर एक पायरी म्हणजे दहापट, तेव्हा हा रस तुमच्या कातडीपेक्षा काहीशे पटींनी जहाल निघतो. चुरचुरेल. चुरचुरतंय म्हणजे काम चालू आहे, असं मावशी सांगते. तिच्या लेखी न चुरचुरणारा उपाय म्हणजे वाया गेलेलं लिंबू. मग तसंच गच्चीवर वाळवण राखायला जाऊन बसा. लिंबात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे काळपट डाग उरतो. फोड काय, आठवडाभरात निघून गेला असता. डाग महिनोन्‌महिने सोबत करतो. टिकाऊ परिणाम म्हणतात तो हाच.

हळदीबद्दल मी तोंड उघडू नये असं घरी ठरलेलं आहे, कारण आम्ही सांगलीचे. आमच्याकडे हळद हा पदार्थ नाही, हवामान आहे. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत ती वर्षानुवर्षं साठवायचे, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मावशीने स्वतःलाच मिळाल्यासारखे पेढे वाटले. त्यात पेटंटची गोष्ट आहेच. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुनी कागदपत्रं पुढे करून ते १९९७ साली रद्द करून घेतलं. रद्द झालं ते या कारणासाठी, की हे ज्ञान नवं नव्हतं. हळदीने हनुवटीवरचा फोड जातो असं तिथे कोणी सिद्ध केलेलं नाही. पण मावशीने तो निकाल तसाच वाचला आहे, आणि तिच्याविरुद्ध अपिलात जायची आमच्याकडे कोणाची छाती नाही.

तेव्हा हळद लावाच. साय घालून लावा, अर्धा तास ठेवा. मीही अकरावीत लावली होती. धुताना फक्त एक चूक झाली, अंगाचा साबण घेतला. हळदीला क्षार लागला की ती तांबडी होते, कुंकू जुन्या काळी असंच करायचे. हळद हा नैसर्गिक दर्शक आहे हे शाळेत वाचलं होतं, तो होण्याचा योग त्या दिवशी आला. दुपारी प्रॅक्टिकलला उभी राहिले ती कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळीधम्मक, आणि कानांच्या पाळ्यांशी, जिथे फेस नीट धुतला गेला नव्हता तिथे, तांबूस कड. मैत्रिणीने हळूच विचारलं, ‘साखरपुडा झाला का गं?’ फोड मात्र त्या दिवशी खरंच कोणाला दिसला नाही. हळदीला गुण नाही असं कोण म्हणेल?

मुलतानी मातीत देशभक्तीचा प्रश्न आणू नका. मुलतान सीमेपलीकडे गेलं, माती आपलीच आहे. गुलाबपाण्यात कालवा, जाडसर थर द्या आणि पंख्याखाली बसा. वाळत आली की चेहरा आवळला जातो, हसता येत नाही, बोलता येत नाही, आणि नेमका त्याच वेळी गॅस सिलिंडरवाला येतो. मी दार उघडलं तर त्याने एक पाऊल मागे घेतलं आणि पावती उंबऱ्यावर ठेवली. हनुवटीवरून एक ढलपी त्या पावतीवर पडली. नंतर सगळी माती बेसिनमध्ये धुवायची, तीही रोज. आमच्या प्लंबरचं मत असं की पाइप तीन गोष्टींनी तुंबतो: केस, चहापत्ती आणि लग्नसराई. त्याच्या बिलात डॉक्टरची तपासणी फी आणि एक ट्यूब आरामात बसली असती, पण असा हिशेब मांडायचा नसतो.

जायफळ उगाळताना सहाण बाळाच्या गुटीचीच घ्या, त्याशिवाय गुण येत नाही. दालचिनी आणि मध एकत्र लावा. दालचिनीची ॲलर्जी उठली तर मध चाटून तोंड गोड करता येईल. सकाळी चूळ न भरता तोंडातली शिळी लाळ लावायचा उपाय आजीचा आहे. त्यावर मी काही लिहीत नाही, आजी हे वाचते.

रात्रीसाठी टूथपेस्ट. दाताला चालतं ते गालाला का चालू नये? तिच्यात फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट असतं, गारव्यासाठी मेंथॉल. सकाळी उठाल तर फोड वाळलेला असेल, आणि त्याच्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढी कातडीही वाळून सोललेली. मग त्या कोरडेपणावर खोबरेल तेल चोपडा. चेहऱ्याची छिद्रं बुजवण्यात खोबरेल चांगलंच वाकबगार आहे, त्यामुळे पुढच्या फोडाची वाट फार दिवस पाहावी लागत नाही. याला म्हणतात उपचारातलं सातत्य.

हे सगळं सुरक्षित आहे का, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच: ‘यात केमिकल नाही.’ इथे विषय संपला पाहिजे. तेवढ्यात कोणी दीडशहाणा म्हणेल की बिब्बाही शंभर टक्के नैसर्गिक, आपल्याच डोंगरातला. परीट त्याने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करत, आणि अंगावर उतला की कातडी फोडांनी भरते. त्याला सांगा, चांगल्या चाललेल्या गोष्टीत बिब्बा घालू नकोस.

पुराव्याला जुना ग्रंथ हवाच, तोही आहे. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावरच्या या पुटकुळ्यांना मुखदूषिका म्हटलंय, आणि त्या सावरीच्या काट्यांसारख्या असतात असं वर्णन आहे. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावरून ज्याने एकदा हात फिरवलाय त्याला उपमेची दाद द्यावीशी वाटेल. उपचार सांगितलाय तो असा: वमन, म्हणजे उलटी करवणं, आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप. गंमत बघा, ‘आपल्या आयुर्वेदात सगळं आहे’ म्हणणारा एकही माणूस वमनापाशी थांबलेला मी पाहिला नाही. तिथून सगळे थेट बेसन-दह्यावर येतात. तुम्हीही या. आणि वैद्याकडे न जाणं हे डॉक्टरकडे न जाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. वैद्यही नाडी बघतो, प्रश्न विचारतो, पथ्य सांगतो. कोणी तपासलं की त्यातला घरगुतीपणा गेला.

एक गोष्ट सांगू नये अशी आहे, तरी सांगते. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर टी ट्री नावाच्या तिथल्या झाडाच्या तेलाचा ५ टक्क्यांचा जेल आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरमांचं नेहमीचं औषध यांची तुलना करून पाहिली होती. फरक दोन्हींनी पडला. तेलाला वेळ जास्त लागला, पण त्याचा त्रास कमी झाला. म्हणजे एखादी वनस्पती मापात घेतली, कोणाला किती गुण आला ते मोजलं, तर तीही उपयोगी पडू शकते. पण हे ग्रुपवर टाकू नका. ‘ऑस्ट्रेलियाचं झाड’ एवढंच वाचलं जाईल आणि संध्याकाळी तुमच्या गालावर निलगिरीचं तेल असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, श्रेय. सुटा फोड बहुतेक वेळा आठवडाभरात आपला आपण बसतो. तुम्ही सोमवारी लिंबू, मंगळवारी हळद, बुधवारी माती, गुरुवारी टूथपेस्ट आणि शुक्रवारी जायफळ लावलंत, आणि शनिवारी फोड बसला, तर जिंकलं जायफळ. ज्या काकूंनी जायफळ सुचवलं त्या पुढची दहा वर्षं ‘माझ्यामुळे’ म्हणतील, आणि हा उपाय आणखी चार घरांत जाईल. फोड बसला नाही तर उपाय चुकलेला नसतो, तुम्ही जायफळ दुधाऐवजी पाण्यात उगाळलेलं असतं.

औषधाला मात्र ही सवलत देऊ नका. डॉक्टरांनी दिलेला ॲडापॅलीनसारखा जेल परिणाम दाखवायला ८ ते १२ आठवडे घेतो, आणि पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढाच लावायचा असतो. सुरुवातीला थोडी कातडी सुटते, लाली येते. तुम्ही चौथ्या दिवशी तो बंद करा आणि जाहीर करा, ‘मला सूट झालं नाही.’ लिंबाला आपण चौदा वर्षं संधी देतो, कारण लिंबू घरचं आहे.

आणि खरंच घाई असेल तर खालच्या मेडिकलमधून ती गोरं करणारी ट्यूब आणा. मेडिकल बिल्डिंगच्या खालीच आहे, त्यामुळे हाही घरगुती उपाय धरायला हरकत नाही. अशा ट्यूबांत पुष्कळदा क्लोबेटासोल, मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे, पण मेडिकलवाल्या दादांशी आपले घरोब्याचे संबंध आहेत. तीन दिवसांत चेहरा असा लख्ख होतो की ग्रुपवर सगळे नाव विचारतात. महिना-दोन महिन्यांनी कातडी पातळ होते, लाली जात नाही, गालांवर लव दाट होते, आणि ट्यूब थांबवली की मुरूम आधीपेक्षा जोरात येतात. तोपर्यंत लग्नाचा अल्बम छापून झालेला असतो.

इतकं मनापासून केल्यावर लग्नाच्या आठवडाभर आधी डॉक्टरकडे जावंच लागतं. तिथेही पद्धत आहे. आईला बरोबर न्या. डॉक्टर भिंगातून बघतील आणि विचारतील, ‘दाबला होता का?’ नाही म्हणा. नखाची खूण त्यांना दिसतेच आहे, त्यांचं ते ठरवतील. मग त्या हनुवटीवरचा काळा डाग बघतील, सोललेला गाल बघतील, कानामागची पिवळी रेघ जरा थांबून बघतील, आणि पेनचं टोपण काढून विचारतील, ‘याआधी काय काय लावलंत?’

तुम्ही गप्प बसा. आई पर्स मांडीवर सरळ करेल आणि सांगेल, ‘काही नाही हो डॉक्टर. घरचंच.’