‘गाठीला सुई लागली की ती खवळते’: त्या मेसेजला आमच्या घरातून उत्तर

आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. थोडक्यात असा: स्तनात गाठ लागली आणि दुखत नसेल तर ती साधी समजा. सुई लावू देऊ नका, सुईनं कॅन्सर पसरतो. डॉक्टर अख्खा स्तन कापतात. खरा इलाज फक्त मुंबईत, आणि त्यापायी वावर विकावं लागतं. त्यापेक्षा चाळीस दिवस हळद आणि गोमूत्राचा अर्क घ्या.

माझ्या वहिनीनं हा मेसेज फोनमध्ये जपून ठेवला होता. पोळ्याच्या सुमारास तिला स्वतःच्या स्तनात गाठ हाताला लागली, आणि आम्हाला कळलं संक्रांतीला. मधल्या काळात सोयाबीन निघालं, कापूस आला. “दुखत नाई तं कायले जाचं बाई? वेचनी होऊ द्या, मंग पाहू.” आळस म्हणून ती थांबली नव्हती. वेचणीच्या दिवसांत घरातली एक बाई कमी झाली तर काय होतं ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मेसेजनं तिला हवं असलेलं कारण आयतं हातात दिलं, इतकंच.

न दुखण्याचं आधी सांगते. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखणाऱ्या गाठी पुष्कळदा साध्या निघतात, आणि एकूण गाठींपैकीही बहुतेक साध्याच असतात. पण दुखण्यावरून ते ठरवता येत नाही. हाताला लागलेली गाठ दाखवायचीच. गाठ लवकर सापडावी म्हणून दर वेळी मोठं मशीनच लागतं असंही नाही. मुंबईत टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं चालवलेला अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले, त्याहून लहान वयात मात्र तसा फरक दिसला नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना तिशीपुढच्या बायकांची ही तपासणी करायची असते. आपण मागत नाही, म्हणून ती राहून जाते.

आता सुई. माझा खरा राग या मुद्द्यावर आहे, कारण धोका बरोबर उलट्या बाजूला आहे. बायोप्सीत गाठीचा भाग बधिर करून जाड सुईनं बारीक तुकडे काढतात. सुईच्या वाटेत काही पेशी सांडल्याचं क्वचित आढळतं, पण पुढच्या ऑपरेशनात आणि शेकात, म्हणजे रेडिएशनमध्ये, त्याचा बंदोबस्त होतो. बायोप्सी केली म्हणून बाई लवकर जाते, असं कुठं दिसलेलं नाही. उलट त्या तुकड्यांवरूनच कॅन्सर आहे की नाही ते कळतं. असेल तर तो हार्मोनवर वाढणारा आहे का, हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या जातीचा आहे का, हेही कळतं. हार्मोनवाला असेल तर रोजची एक गोळी, टॅमॉक्सिफेनसारखी, पाच-दहा वर्षं घ्यायची असते आणि ती महागही नसते. हर-टू असेल तर वेगळी इंजेक्शनं लागतात. गाठ मोठी असेल तर काही जणींना आधी केमो देऊन ती लहान करतात आणि मग ऑपरेशन. सुई लावलीच नाही तर यातलं काय करायचं ते कशावरून ठरवणार?

तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात वहिनीला सांगितलं, “अर्ध्या तासाचं काम आहे, गाठ काढूनच टाकू.” सुई नाही, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे नाही, एकदम चाकू. भावाला ते पटलंही होतं, एका खेपेत काम उरकत होतं ना. अशी काढलेली गाठ कॅन्सरची निघाली तर कडेला काही राहिलं का ते कळत नाही, दुसरं ऑपरेशन करावं लागतं, आणि आधी केमो देण्याची वाट बंद होते. वहिनीला तिथून परत आणलं ते मी भांडून.

अख्खा स्तन कापतात हे अर्धसत्य आहे. काही जणींचा काढावाच लागतो. पण गाठ लहान असेल तर नुसती गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून वरून शेक देता येतो. अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल 2002 सालीच आले आहेत. दोन्ही प्रकारांत बायका सारख्याच जगल्या. मात्र खेड्यातल्या बाईसाठी निवड एवढ्यावर होत नाही, आणि हे शहरातले डॉक्टर फारसं बोलत नाहीत. नुसती गाठ काढली तर शेक घ्यावाच लागतो. आता तो बहुतेक ठिकाणी पंधरा-सोळा बैठकांत होतो, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस धरून तीन आठवडे शहरात राहणं. वहिनी म्हणाली, “काढूनच टाका म्हना, पुन्हा पुन्हा कोन येते?” तिच्या म्हणण्याला अर्थ होता. पण स्तन काढूनही काखेतल्या गाठींत कॅन्सर निघाला तर शेक बहुधा चुकत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते कळल्यावर तिनं दोन दिवस घेतले आणि नुसती गाठ काढायचं ठरवलं. दुसरी बाई उलट ठरवेल, तेही चूक नाही.

मुंबईचा मुद्दा. टाटा मोठंच, 1941 पासूनचं. पण आपल्याकडे नागपूरला तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कॅन्सर संस्था आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, वर्ध्याकडं सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं आहेत. गडचिरोलीतल्या भामरागडच्या बाईला नागपूरसुद्धा मुंबईइतकंच लांब पडतं, हे मला कबूल आहे. तिथं हा मेसेज निम्मा खरा ठरतो, आणि ते सरकारचं अपयश आहे. बाकीच्यांनी बायोप्सी जवळ करावी. दुसरं मत हवंच असेल तर मुंबईला बाईच्या आधी तिची फाईल, आणि बायोप्सीचे तुकडे ठेवलेल्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक जाऊ शकतात. ते लॅबमध्ये मागायचे असतात. न मागितल्यामुळं कित्येकींना तीच तपासणी पुन्हा करावी लागते.

वावर विकायची पाळी काही घरांवर येते, मी नाकारत नाही. आमचेही बायोप्सीचे पैसे खिशातून गेले. पण ऑपरेशन, केमो, शेक सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी जायचं, पैसे भरल्यावर नाही. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहेच.

अर्काबद्दल एवढंच, की वहिनीनं तो वीस दिवस घेतला आणि गाठ तेवढीच राहिली. केमो चालू असताना असलं काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि रेल्वेचं राहिलं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाताना स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. टाटाचं मत घ्यायला मुंबईच्या दोन खेपा आम्ही पूर्ण तिकिटानं केल्या. हा फॉर्म असतो हे तिसऱ्या खेपेला विदर्भ एक्सप्रेसमध्ये समोर बसलेल्या गोंदियाच्या बाईनं सांगितलं.