आधी जबाब रेकॉर्ड करा, मग उलटतपासाचं बोलू

बेळगावात मराठी कागदपत्रांचा विषय निघाला की मी इथं इंग्लंडमध्ये बसून सगळं वाचते, परिपत्रकं मराठीत द्या, बोर्ड मराठीत लावा, आणि ती मागणी बरोबरच आहे, सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तोवर लोकांनी काय करायचं? पण पोलीस स्टेशनात लिहिल्या जाणाऱ्या जबाबाबद्दल कोणीच बोलत नाही, आणि माणूस जेलमध्ये जातो की घरी येतो हे कितीतरी केसमध्ये त्या कागदावर ठरतं.

मी खानापूर तालुक्यातली, बेळगावच्या कोर्टात ज्युनियर होते, आता इथं क्रिमिनल डिफेन्सचंच काम करते.

तिकडं काय होतं बघा. साक्षीदार मराठीत सांगतो, हवालदार कन्नडमध्ये उतरवतो, आणि त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असा कायदाच आहे, पूर्वी सीआरपीसीचं कलम 162, आता बीएनएसएस म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं 181. नंतर कधीतरी तोच माणूस पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, लाईटच्या उजेडात मी आरोपीला ओळखलं. जबाबात लाईटचा उल्लेखच नाही. इतकी महत्त्वाची गोष्ट सुटली असेल तर तो विरोधाभास धरता येतो, पण त्यासाठी आधी साक्षीदाराला विचारायचं आणि नंतर तपास अधिकारी साक्षीला आला की त्यालाही विचारायचं, याने तुमच्यापुढं लाईटचं सांगितलं होतं का? ज्युनियर लोक पहिलं करतात, दुसरं राहून जातं, आणि आर्ग्युमेंटच्या दिवशी हातात काहीच नसतं.

बरं, दोन्ही केलं तरी साक्षीदार म्हणतो, मी सांगितलेलं, त्यांनी लिहिलं नाही, मला कन्नड वाचता येत नाही. अधिकारी म्हणतो, सांगितलं तसंच लिहिलं. आता खरं कोण? कधी साक्षीदाराला नंतर पढवलेलं असतं, कधी जबाबच अर्धवट उतरलेला असतो. पहिल्यात निर्दोष माणूस अडकतो, दुसऱ्यात खरं बोलणारा खोटा ठरतो, आणि कितीही हुशार वकील उभा केला तरी कोर्टाला हे कळायला मार्ग नाही.

इथं संशयिताची चौकशी रेकॉर्ड होते, त्याची मुळं 1984 च्या पेस कायद्यात, म्हणजे पोलिसांचे अधिकार आणि पुरावा यांच्या कायद्यात आहेत, आणि त्याने दुसऱ्या भाषेत लेखी जबाब दिला तर दुभाषा तो त्याच भाषेत लिहितो, त्यावर सही होते, इंग्रजी भाषांतर नंतर. साध्या साक्षीदाराचा जबाब इथंही लिहूनच घेतात, पण खाली त्याची सही असते, त्यामुळं बॅरिस्टरला छोटे, एकेका गोष्टीचे प्रश्न विचारता येतात आणि तो 'का' विचारत नाही. आपल्याकडं नेमका तो 'का' विचारला जातो आणि साक्षीदार राहिलेली फट स्वतःच बुजवतो. मग शेवटी दहा-बारा सजेशन, म्हणजे वकिलाने आपली बाजू साक्षीदारापुढं ठेवून विचारायची आणि त्याने नाकारायची, 'मी खोटी साक्ष देतोय हे म्हणणे खरे नाही'. आपली बाजू साक्षीदारापुढं मांडावीच लागते, 1893 च्या ब्राऊन विरुद्ध डन केसचा तो नियम आपल्या सुप्रीम कोर्टानेही मानलाय, पण नाकारलेलं सजेशन म्हणजे पुरावा नव्हे.

इथलं सगळं भारी असं मात्र नाही. इथला बॅरिस्टर परभाषिक साक्षीदाराला दुभाष्यातून ऐकतो, साक्षीदार कुठं अडखळला ते त्याला नीट कळत नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडीचा वकील मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही कानाने ऐकतो, उसाच्या फडात रात्री किती लांबचं दिसतं हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. एवढी ताकद असून ती अशा कागदावर वाया जाते याचं मला फार वाईट वाटतं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या बीएनएसएसच्या कलम 180 मध्ये जबाबाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करता येतं, जुन्या कायद्यातही सोय होती, फक्त सक्ती नाही. कोर्टातली साक्षसुद्धा शक्य असेल तर साक्षीदाराच्याच भाषेत लिहून घेता येते, कलम 312. म्हणून मराठी परिपत्रकांचं निवेदन घेऊन पुढच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडं जाल तेव्हा एक प्रत एसपींनाही द्या आणि त्यात लिहा की सीमाभागात मराठी साक्षीदाराचा जबाब रेकॉर्ड करा आणि चार्जशीटबरोबर ते रेकॉर्डिंग आरोपीच्या वकिलाला द्या.