रद्दीच्या काट्यावर जर्मनी

बॅगेचं नुसतं वजन करायचे वीस रुपये घेतले त्या रद्दीवाल्याने. वर "माल द्यायचा नसेल तर काटा फुकट नसतो, भाऊ" हेही ऐकवलं. पैशांचं काही नाही. म्हणजे आहे, पैशांचंही आहे. पण त्या वीस रुपयांत भर रस्त्यात माझी जी शोभा झाली, ती जास्त झोंबतेय.

तर, मी एका सेमिस्टरसाठी जर्मनीला चाललोय. विमानात 23 किलोची एकच बॅग चालते. घरच्या वजनकाट्यावर बॅग ठेवली की आकडा बॅगेखालीच दडतो, आणि आजीच्या मते तो काटा गेल्या दिवाळीपासून सगळ्यांनाच जास्त दाखवतो. गोदेचा पूर मोजायला या गावात दुतोंड्या मारुती आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, हे सगळ्या नाशिकला घरबसल्या कळतं. बॅगेसाठी मात्र असा कुणी देव नाही. शिवाय आजीने पितृपक्षात बॅगेला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं, त्यामुळे सगळं गणपतीतच उरकायचं होतं. सिंहस्थाच्या नावाने खणून ठेवलेल्या रस्त्यावरून मी ती चाकांची बॅग खांद्यावर घेऊन निघालो.

बॅग काट्यावर ठेवली. 31 किलो 400 ग्रॅम.

"एवढी नवी बॅग रद्दीत काढली?" मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर एक काका. साठी ओलांडलेली, पायजमा, वर बटणं न लावलेला शर्ट, दोन्ही हातांत सुतळीने बांधलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे. "विकायची नाहीये काका, वजन करतोय," मी म्हणालो. इथेच थांबायला हवं होतं त्यांनी. पण त्यांनी गठ्ठे खाली ठेवले.

"कुठे निघालास?"

"जर्मनीला."

"वा वा! छान. कायमचा?"

"नाही, एक सेमिस्टर. पाच महिने."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे परत येणार?"

"हो."

"मग जातोस कशाला?"

हे ऐकून मी हसलो, पण खरं सांगायचं तर हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आपल्याकडे परदेशी जाणाऱ्यांचे दोनच प्रकार मान्य आहेत. एक, तिकडे सेटल झालेला. दुसरा, टूरबरोबर दहा दिवसांत सहा देश बघून आलेला. मी या दोन्हींत बसत नाही. सेटल होत नाही म्हणून कौतुक नाही, आणि आयफेल टॉवरपुढचा फोटो नाही म्हणून कुणाला बघायलाही काही नाही. बरं, या पाच महिन्यांसाठी केलेला खटाटोप म्हणाल तर लग्नाएवढा. पासपोर्टची कोरी पुस्तकं आमच्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, पण त्यावर व्हिसा चिकटवून घ्यायला मुंबई गाठावी लागते. शिवाय महिन्याला 992 युरो या हिशेबाने पैसे आधीच तिकडच्या एका खात्यात कोंडून ठेवायचे. युरो सध्या शंभरीच्या आसपास खेळतोय, म्हणजे महिन्याला लाखभर रुपये. ते पैसे आपल्याला दरमहा ठरावीक रकमेने परत मिळतात. बाबांना हे समजावताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "म्हणजे पैसे माझे, आणि ते मला हातखर्च दिल्यासारखे सुट्टे करून देणार?" हो बाबा. "आणि व्याज?" या प्रश्नावर मी पाणी प्यायला उठलो.

असो. काका.

"31 किलो? मग आठ किलो काढ की," ते म्हणाले, आणि मी "घरी जाऊन काढतो" म्हणेपर्यंत त्यांनी चेन ओढलीसुद्धा. स्वतःच्या रद्दीतले चार पेपर फूटपाथवर अंथरले आणि माझा संसार मांडायला घेतला. तीन लिटरचा कुकर. भाजणी. मेतकूट. गोडा मसाला. चिवड्याची पाकिटं, आणि ती पावसात सादळू नयेत म्हणून आईने त्यांवर घातलेल्या पिशव्या, त्या पिशव्यांवर आणखी पिशव्या. मग तुपाची बरणी.

"तूप मीच काढणार होतो," मी घाईने म्हणालो. "युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. विमानतळावर काढून घेतात."

"तूप दुधाचं कुठे असतं?" काका म्हणाले. "लोण्याचं असतं."

रद्दीवाल्याने मान डोलावली. एव्हाना तोही आपला स्टूल सोडून आमच्यात आला होता. मी म्हणालो, "काका, लोणी कशाचं असतं?" त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात 'शिकलेली मुलं अशीच' हे स्पष्ट लिहिलेलं होतं. बरणी पुन्हा बॅगेत गेली.

मग त्यांचा हात कपड्यांच्या कप्प्यात गेला. तिथे काय होतं ते मी सांगणार नाही, पण काकांनी ते मोजलं. मोठ्याने मोजलं. "पाच महिन्यांना एवढ्या? मला तीनात वर्ष निघतं." समोरच्या मंडपात आरतीची तयारी चाललेली, स्पीकर नेमका तेवढ्यापुरता बंद. क्लासला निघालेल्या दोन मुली थांबल्या. त्यातली एक आमच्याच कॉलेजची. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूही दूध घेऊन परतताना थबकल्या, आणि पुढे काय व्हायचं ते त्यांच्या नजरेतच दिसलं. मी घरी पोहोचायच्या आत आईला मेसेज गेला होता: "मुलगा बॅग रद्दीत घालतोय. जाणं कॅन्सल झालं का?"

काकांचं काम चालूच होतं. जाकीट काढलं. "हे अंगात घाल, विमानात कोण वजन करतंय." बूट काढले. "पायात घाल." सप्टेंबरच्या त्या चिकट उकाड्यात मी जाकीट आणि बूट घालून फूटपाथवर उभा, असं ते दृश्य. मग तळाशी माझी दोन पुस्तकं सापडली. काकांनी ती काट्यावर ठेवली.

"दोन किलो दोनशे. राहू दे इथेच. तिकडे लायब्ररी असते."

"पुस्तकाला बारा रुपये किलो देतो," रद्दीवाला म्हणाला.

सगळ्या तयारीत माझ्या शिक्षणाचा विषय निघाला तो हा एकदाच, आणि तोही किलोच्या भावाने. मी तिकडे काय शिकणार, हे मला अजून कुणीही विचारलेलं नाही. खाशील काय, राहशील कुठे, सोबत आपल्याकडचं कोण आहे, तिकडे रविवारी दुकानं बंद असतात म्हणे, मग करशील काय. कंट्रोल सिस्टिम शिकणार आहे मी. सांगून ठेवतो, न जाणो कुणाला हवं असलं तर. तिकडे एका सेमिस्टरचे साधारण 30 क्रेडिट धरतात. ते इकडे आल्यावर मोजले जाणार की नाही, हे विचारायला मी कॉलेजच्या ऑफिसात इतक्यांदा गेलोय की शिपाई मला चहा विचारतो. उत्तर एकच: "परत या, मग बघू." म्हणजे सेमिस्टर तिकडे संपल्यावर कळणार की ते झालं की नाही. त्यात तिकडे मार्कांचा कारभार उलटा. 1 म्हणजे सर्वोत्तम, 4 म्हणजे काठावर पास, 5 म्हणजे नापास. समजा मी जीव तोडून 1.3 आणले, तर ऑफिसातले भाऊसाहेब ते दहापैकी धरणार नाहीत याची खात्री काय? याची चिंता घरात कुणालाच नाही. घरात चिंता कुकरच्या शिट्टीची आहे. शिट्टी वेगळी ठेवायची की कुकरला लावूनच, यावर आई आणि मावशी यांचं फोनवर अर्धा तास चाललेलं.

शेवटी काटा 22 किलो 600 ग्रॅमवर थांबला. बॅगेत आता जवळपास नुसतं स्वयंपाकघर उरलं होतं. काका समाधानाने हात झटकत म्हणाले, "बघ, बसलं की नाही?" मग त्यांनी स्वतःचे गठ्ठे काट्यावर टाकले, माझ्यासाठी अंथरलेले चार पेपरही घड्या घालून त्यांत सरकवले, आणि रद्दीवाल्याशी आठ आण्यांसाठी घासाघीस करायला लागले. मी वीस रुपये दिले, पुस्तकं काखेत मारली आणि जाकिटासकट घरी आलो.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तेच काका. वरच्या काकूंकडून पत्ता मिळाला म्हणाले. आईने लगेच चहा टाकला. ज्या माणसाने मुलाची बॅग तुपासकट 23 च्या आत बसवली, त्याला ती आणखी काय देणार? काकांनी पिशवीतून एक डबा काढला, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेला.

"माझी भाची लेस्टरला असते. तिला एवढं दे."

मी शांतपणे सांगितलं, की लेस्टर इंग्लंडात आहे, मी जर्मनीत असेन, मध्ये समुद्र आहे, इंग्लंड 2020 सालीच युरोपियन युनियनमधून बाहेर पडलंय आणि त्यांचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

"अरे, पाच महिने आहेस ना तिकडे?" काका म्हणाले. "पाच महिने म्हणजे काय थोडे झाले? एखाद्या रविवारी जाऊन ये. दुकानं बंदच असतात म्हणे."

"पण काका, वजन..."

"चारशे ग्रॅम शिल्लक आहेत. मी मुद्दाम ठेवलेत."

डब्यात काय आहे विचारलं, तर बशीत चहा ओतत म्हणाले, "विशेष काही नाही रे. तूप."