गाडीचा एसी, बेन्झीन आणि भलतीकडे वळलेली भीती

"उन्हात उभी असलेली गाडी सुरू करताच एसी लावू नका. डॅशबोर्ड, सीट, एअर फ्रेशनर यांतून बेन्झीन सुटतं आणि ब्लड कॅन्सर होतो." दर उन्हाळ्यात फिरणारा हा मेसेज यंदा मला ओळखीतल्या एका काकूंनी पाठवला. बेन्झीन म्हणजे पेट्रोलमध्ये असणारं, सहज वाफ होणारं एक रसायन. काकूंच्या सहा वर्षांच्या नातीवर ल्युकेमियाचे, म्हणजे ब्लड कॅन्सरचे, उपचार चालू आहेत. खाली एकच ओळ होती: "आम्ही तिला रोज गाडीनेच शाळेत सोडायचो."

मेसेजमधला एकेक दावा पाहू. "बेन्झीनची मर्यादा चौरस फुटाला 50 मिलिग्रॅम, 60 अंशांच्या वर उन्हातल्या गाडीत 4000 पर्यंत." चौरस फुटात फरशी मोजतात, हवा नाही. हवेतल्या बेन्झीनचं मोजमाप घनमीटरला किती, असं होतं. अमेरिकेत 1987 पासून कामगारांसाठीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे साधारण 3 मिलिग्रॅम आहे. आणि ते "60 अंश" तापमानही फॅरनहाइटमधलं, म्हणजे जेमतेम 16 सेल्सिअस. आपल्याकडे थंडीतल्या दुपारीही पारा बहुधा याच्या वरच असतो.

"डॅशबोर्डमधून विष सुटतं." 2007 साली जर्मनीतल्या संशोधकांनी एक नवी आणि एक जुनी गाडी 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून आतली हवा पेशींवर तपासली. विषारी परिणाम दिसला नाही. नव्या गाडीच्या हवेने ॲलर्जी थोडी बळावू शकते, इतकंच आढळलं. गाडीत बेन्झीन येतं ते मुख्यतः पेट्रोलच्या वाफेतून आणि रस्त्यावरच्या धुरातून. काचा उघडून गरम हवा जरूर घालवा, उकाडा कमी होईल.

"शरीर हे विष बाहेर टाकू शकत नाही." टाकतं. काही श्वासावाटे जातं, उरलेल्यावर यकृतात प्रक्रिया होऊन बरंचसं दोनेक दिवसांत लघवीवाटे निघतं. मात्र या प्रक्रियेत तयार होणारे पदार्थ अस्थिमज्जेला, जिथे रक्त तयार होतं तिथेच, इजा करतात. म्हणून धोका आहे तो रोज, वर्षानुवर्षं हुंगणाऱ्याला.

"बेन्झीनने ल्युकेमिया होतो." हे मात्र खरं आहे, आणि ते कळलं कामगारांच्या जिवावर. इस्तंबूलमधले चपला-बूट बनवणारे कारागीर कोंदट खोल्यांत बेन्झीन मिसळलेला डिंक वापरायचे. रक्तविकारतज्ज्ञ मुझफ्फर अक्सोय यांनी 1974 साली अशा 28,500 कामगारांमधले तीव्र ल्युकेमियाचे किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे 26 रुग्ण नोंदवले. हा प्रामुख्याने मोठ्यांना होणारा, मायलॉइड प्रकार. लहान मुलांमध्ये जास्त करून लिम्फोब्लास्टिक प्रकार आढळतो आणि बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. काकू, तुमच्या एसीला किंवा तुम्हाला दोष देण्याला काहीही आधार नाही.

बेन्झीनचा इशारा खरं तर ज्याच्यापर्यंत जायला हवा, तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी असतो. दुचाकीच्या गॅरेजमधला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. पत्र्याच्या डब्यात पेट्रोल, त्यात कार्ब्युरेटरचे सुटे भाग. उघड्या हाताने, रंगाच्या जुन्या ब्रशने तो ते धुतो. टाकी रिकामी करायला नळी तोंडाने ओढतो. संध्याकाळी ग्रीस काढायला हातही पेट्रोलनेच. बीएस-6 पेट्रोलमध्ये बेन्झीन 1 टक्क्यापर्यंतच असू शकतं. पण त्याच्या नाकाखाली ते दिवसभर असतं.

परवा त्याला नायट्राइल रबराचे हातमोजे आणि साबण देऊन आलो. मोजे घालून बारीक स्क्रू धरता येत नाही, म्हणाला. साबण ठेवून घेतला.