फुकटचा अंक आणि बिनधास्त फॉरवर्ड

दिवाळी जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो गिरगावच्या मावशीकडून, शाळेच्या ग्रुपवर आणि एका छपाईवाल्याकडून असा तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘नेटवर फुकट असलेली पुस्तकं, अंक बिनधास्त वाटा. कॉपीराइटची नोंदणी कुणी केलेली नसते, आपण पैसे घेत नाही, लेखकाचं नाव ठेवतो. मग गुन्हा कसला? ज्ञान दिल्याने वाढतं.’

शेवटच्या वाक्याशी माझं भांडण नाही.

नोंदणीचं आधी उरकतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सोय आहे, सक्ती नाही. कथा कागदावर उतरली की हक्क लागू. सोयाबीन तेलाच्या पाकिटावरच्या लेबलवरून झालेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये हेच सांगितलं.

‘पैसे घेत नाही’ हेही लंगडं. कलम 63 मध्ये जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल, तर खास कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे फुकट वाटणाऱ्याला सवलत मिळू शकते, पण शिक्षेत. हक्कभंग तो हक्कभंगच.

आता खरी गोम: ‘फुकट आहे’. आम्ही चार जण मिळून एक ई-दिवाळी अंक काढतो. शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं: ‘अंक विनामूल्य आहे. हवा त्याला पाठवा, पण अख्खा पाठवा. छापू नका, विकू नका.’ गेल्या वर्षी तोच अंक आमच्याकडेच फिरून आला. मुखपृष्ठ गायब, शेवटचं पान गायब, प्रत्येक पानावर आडवा गुलाबी शिक्का, कुठल्याशा वाचक ग्रुपचा. पान 38 वर मी घातलेला ‘आशिर्वाद’ मात्र ऱ्हस्व शि घेऊन जसाच्या तसा. पुढे दादर स्टेशनबाहेर त्याच्या झेरॉक्स 40 रुपयांना दिसल्या. किंमत शून्य ठेवली ती आम्ही; बाकीची परवानगी वाचकाने स्वतःच स्वतःला दिली.

खरोखर मोकळ्या सोडलेल्या गोष्टी असतात, आणि त्या तसं स्वतःच सांगतात. अंकाचा मजकूर आम्ही ‘मुक्त’ फॉन्टमध्ये लावतो, मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेला. त्याच्यासोबत ओपन फॉन्ट लायसन्स येतं: वापरा, बदला, वाटा, नुसता फॉन्ट तेवढा विकू नका, आणि बदललेला फॉन्टही याच परवान्याखाली ठेवा. मराठी विकिपीडियाचा मजकूर तर विकलात तरी चालतं, फक्त श्रेय द्या आणि पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. इतकं सैल सोडलेल्यालाही अटी आहेत; मग जिथे परवान्याचा एक शब्द नाही, तिथे ‘बिनधास्त’ कुठून आलं?

नाव ठेवण्याबद्दल: ते ठेवायलाच हवं. कलम 57 लेखकाला आपलं नाव सांगण्याचा आणि कामाची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा हक्क देतं. पण घरमालकाच्या नावाची पाटी शाबूत ठेवली म्हणून घरात राहायला मिळत नाही.

मेसेजवाल्यांना एक मान्य करतो. कायद्यात वाटायला जागा आहे, आणि ती आपण पुरती वापरतही नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 2011 पासून सर्वांचं आहे, खुशाल टाइप करून वाटा. पु. ल. 2000 मध्ये गेले, तिथे 2060 संपेपर्यंत थांबा. अभ्यासासाठी स्वतःपुरती प्रत काढायलाही कलम 52 मध्ये वाव आहे. आणि लिंक तर कुणालाही पाठवा.

मी त्या गुलाबी शिक्केवाल्यांना फोन केला होता. उत्तर आलं, “अहो, लिंक कोण उघडतं? आमचे निम्मे सभासद सत्तरीचे आहेत.” यात तथ्य आहे. मावशीलाही लिंक उघडत नाही, फाइलच लागते. पण फाइल पाठवायला आमची ना नव्हतीच; ते शेवटच्या पानावर लिहिलं होतं, जे त्यांनी काढून टाकलं.

यंदा तो मजकूर आम्ही प्रत्येक पानाच्या तळाशी टाकलाय. ‘आशीर्वाद’ही दीर्घ केलाय. अंक ओळखायची खूण गेली, पण मुद्रितं तपासणाऱ्या काकू खूश आहेत.