निमॅटोड हे गांडुळाचं पिल्लू नाही

सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. म्हणे, मुळांवर गाठी करणारे निमॅटोड (सूत्रकृमी) ही गांडुळाचीच पिल्लं, म्हणून बागेत गांडूळखत टाकू नका. गांडूळ तोडलं की एकाची दोन होतात, त्यामुळे ती संपत नाहीत. आणि पावसात ढिगानं वर येतात ती मुळं फस्त करूनच. हे वाचून आमच्या भावकीतल्या एकानं बारा गोण्या गांडूळखत बांधावर ओतून दिलं. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र असलेल्या जिल्ह्यात असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं.

आधी पिल्लांचं बघू. गांडूळखताच्या बेडमधलं खत तळहातावर पसरा. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा लहान, लिंबासारखे टोकदार, पिवळसर कोष, म्हणजे गांडुळाच्या अंड्यांची घरं, सापडतील. फुटायला आलेला कोष तांबूस दिसतो. त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं पिल्लू निघतं. भिंगातून बघितलं की त्याच्या अंगावरची वळी आणि आतली लाल रक्तवाहिनी स्पष्ट दिसते. निमॅटोडला रक्तवाहिन्याच नसतात आणि त्याचं अंग खंडाखंडांचंही नसतं. मुळात शिरणारं त्याचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्याही आतलं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. तेव्हा खतात जे वळवळताना दिसलं, ते गाठी करणारं निमॅटोड नव्हेच.

निमॅटोडच्या तोंडात पोकळ सुई असते. ती तो मुळाच्या पेशीत खुपसतो आणि पेशींना अवाढव्य फुगायला लावून त्यांच्यावर जगतो. मादी तिथेच नासपतीसारखी फुगते आणि शेकडो अंडी घालते. तुरीच्या मुळावरची नत्राची गाठ नखानं सुटी होते, पण निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही.

नात्याचं म्हणाल तर १९९७ साली जनुकांच्या तुलनेतून पुढे आलेली मांडणी आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. कात टाकणारे प्राणी एका शाखेतले. निमॅटोड वाढताना चार वेळा कात टाकतो, म्हणून तो झुरळ, खेकड्यांच्या बाजूचा. गांडूळ कात टाकत नाही, त्याचं जवळचं गणगोत गोगलगाय आणि शिंपल्यांचं. दोघं लांबट आणि बिनपायाचे आहेत, एवढ्यावरून आपण त्यांना मायलेकरं ठरवलं.

तोडल्यावर दोन होण्याची गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकतो. गांडुळाचा मेंदू, रक्त ढकलणाऱ्या जाड नळ्या आणि जननेंद्रियं पुढच्या भागात असतात. बेडमध्ये वापरतात त्या आयसेनिया फेटिडाची शेपटी तुटली तर पुढचा भाग जगून नवी शेपटी काढू शकतो. मागचा तुकडा मात्र सहसा मरतो. तो वळवळतो, कारण प्रत्येक वळ्यात मज्जातंतूंची छोटी गाठ असते आणि ती थोडा वेळ चालू राहते. पेरिओनिक्ससारख्या काही जातींत पुन्हा वाढण्याची ताकद बरीच मोठी आहे, हे खरं. पण तुकड्या-तुकड्यातून अख्खा जीव उभा राहण्यासाठी प्रसिद्ध आहे तो प्लॅनेरिया, आणि तो चपट्या कृमींतला, तिसऱ्याच घराण्यातला. गांडुळं तुटू नयेत म्हणून बेड हलवताना टोकदार खोरं वापरू नका, हातानं किंवा दाताळ्यानं अलगद हलवा.

पावसाचं थोडक्यात. गांडुळाला दात नसतात. ते कुजलेला पाला, शेण आणि माती गिळतं, जिवंत मुळं कुरतडणं हे त्याचं काम नाही. श्वास कातडीतून घेतं, त्यामुळे कातडी ओली लागते. भुई ओली झाली की त्याला वरून बिनधोक लांब जाता येतं. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा बऱ्याच जाती खोल जाऊन गुंडाळी करून पडून राहतात आणि पावसाला जाग्या होतात.

निमॅटोड बागेत येतो तो बहुतेकदा रोपांबरोबर, किंवा बाधित बागेतली माती चिकटलेल्या अवजारांबरोबर. नवीन गुटी कलमं घेताना दोन-चार पिशव्या तिथंच फाडा, मुळं बादलीत धुवा आणि बोटांत धरून बघा. गाठ दिसली तर ती खेप घेऊ नका.